पिठलं थिजत नाही

"पिठलं थिजत नाही, आळतं. थिजतं ते तूप."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत स्वयंपाक आणि तिथंच पाट मांडून जेवण. शाळेतून यायला मला उशीर झाला होता. आजीनं पातेल्यातलं पिठलं डावानं वाढलं, तर ते वडीसारखं अखंड ताटात येऊन बसलं. मी कुरकुरले, "थिजलंय हे." शेजारच्या पाटावर माझे वडील, अण्णा, होते. हातातला घास तसाच ठेवून त्यांनी माझं क्रियापद दुरुस्त केलं. रागावून नव्हे. शाळेला निघालेल्या मुलाचं खालीवर लागलेलं बटण आपण जाता जाता नीट करतो ना, तसं. मग आजीला म्हणाले, "आई, थोडं आधणाचं पाणी घाल गं तिच्या पिठल्यात. गार नको, गुठळ्या होतील."

अण्णा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. भाषा हा काही त्यांचा व्यवसाय नव्हता. पण पातळ वस्तू घट्ट कशी होते, याकडे लक्ष ठेवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. साइटवर कुणी "स्लॅब वाळला" म्हणालं की त्यांना राहवत नसे. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं, हे ते गवंड्यांना, शेजाऱ्यांना आणि आम्हा मुलांना सारख्याच तळमळीनं सांगत. सिमेंटच्या कणांचा पाण्याशी संयोग होतो, त्यातून बारीक सुया आणि पापुद्रे वाढत जातात, ते एकमेकांत गुंततात आणि खडी-वाळूला धरून ठेवतात. उन्हानं पाणी उडून गेलं तर ही वाढच खुंटते. म्हणून स्लॅबवर मातीचे बुटके बांध घालून पाणी तुंबवून ठेवायचं, कॉलमला ओली पोती गुंडाळायची आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळ्याची ताकद मोजायची. "वाळलं म्हणालात तर पाणी मारायला विसराल," ते म्हणत. शब्द चुकला की काम चुकतं, यावर त्यांचा विश्वास होता. माझाही आहे.

या एका घडामोडीसाठी मराठीनं किती क्रियापदं करून ठेवली आहेत, हे मला अण्णांमुळे फार लवकर कळलं. दूध आटतं, म्हणजे आचेवर त्यातलं पाणी निघून जातं आणि बासुंदी होते. दूध विरजतं, तेव्हा मात्र त्यातलं काहीच जात नाही. चमचाभर दुसऱ्याची संगत लागते आणि रात्रीत त्याचा स्वभावच बदलतो. पाणी गोठतं. पाक एकतारी होतो, दोनतारी होतो आणि लक्ष जरा दुसरीकडे गेलं की गोळीबंद होऊन बसतो. धुकं दाटतं, ढग दाटतात, गळाही दाटून येतो. अण्णांची या सगळ्यांसाठी कसोटी एकच असे, आणि ती साइटवरची असे: हे घट्ट कशानं झालं, आणि परत पातळ व्हायला काय लागेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसेल तर पहिल्याचं नीट कळलेलं नाही, असं ते म्हणत. विरजलेल्याला उत्तर नाही. दह्याचं पुन्हा दूध होत नाही.

थिजणं हे त्यांचं सगळ्यात आवडतं क्रियापद होतं, कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं. ऊब गेली की थिजतं, ऊब मिळाली की वितळतं. वस्तू तीच राहते. खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांच्या खाली थिजायला लागतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरे, तेव्हा आजीची तेलाची बाटली पांढरी दगड होऊन जाई. आजी ती चौकातल्या कट्ट्यावर उन्हात ठेवून देई आणि मी वेणीसाठी तिच्या पुढ्यात बसेपर्यंत तेल पुन्हा पाण्यासारखं झालेलं असे. तुपाचं थिजणं तर तिनं कलेच्या पदवीला नेलं होतं. लोणी कढवून त्यात विड्याचं पान टाकायचं, गाळून बरणीत भरायचं आणि मग तिला हात लावायचा नाही. हलवायची नाही, गार जागी घाईनं न्यायची नाही. सावकाश निवलं की तूप रवाळ होतं. झपकन गार केलं तर नुसतं गुळगुळीत, मेणासारखं. तुपात वेगवेगळ्या तापमानाला थिजणारे मेदाचे घटक असतात आणि वेळ मिळाला तरच त्यांचे मोठे कण बांधले जातात, हे कारण मी पुष्कळ नंतर वाचलं. आजी फक्त म्हणे, "त्याला त्याच्या वेळेनं थिजू दे."

रविवारी सकाळी अण्णा आम्हाला वेताळ टेकडीवर नेत. तिथल्या काळ्या कातळावर तळवा ठेवायला लावून ते विचारत, "हा दगड आधी काय होता?" उत्तर पाठ होतं तरी ऐकायला मजा यायची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर वाहिले. अकराशे-बाराशे अंशांचा तो रस पसरला, निवला आणि थिजला. त्याचाच हा बेसॉल्ट. अख्खं पुणं त्यावर उभं आहे. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वराचं लेणं त्यातच खोदलंय, तिथला गोल नंदीमंडपही त्याच दगडाचा. रस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पाझरलेल्या पाण्यानं स्फटिक वाढवले. वाघोलीच्या खाणींत असे निळेभोर स्फटिक सापडतात, जगभरातले संग्राहक ते जपून ठेवतात. "लाव्हा आळला नाही," अण्णा बजावत, "थिजला. पुन्हा तेवढी आच दिलीत तर पुन्हा वाहील." तळव्याखाली गार लागणारा तो कातळ कधीतरी वाहील, हा विचार मला रात्री झोपताना आठवायचा.

एकनाथांच्या भागवतात वितळलेल्या तुपापेक्षा थिजलेलं तूप गोड म्हटलंय, हेही त्यांनीच सांगितलं. वितळलेलं म्हणजे निर्गुण, थिजलेलं म्हणजे सगुण. वस्तू एकच, पण थिजलेली बोटावर घेता येते, जिभेवर ठेवता येते, म्हणून तिची गोडी जास्त. नाथ वितळण्याला 'विघुरणं' म्हणतात. हा शब्द आपण का टाकून दिला, याची मला खरोखर हळहळ वाटते. वितळण्यात नुसती उष्णता आहे; विघुरण्यात थोडा विरहही ऐकू येतो.

माणसांबद्दल बोलतानाही आपण हेच क्रियापद काढतो. बातमी ऐकून ती जागच्या जागी थिजली. त्याची नजर थिजली. असं म्हणताना नकळत आपण एक आशाही बोलून जातो, की हे माणूस आत तेच आहे, फक्त ऊब गेली आहे.

आळण्याचं तसं नाही. आळणं फसवं आहे.

ज्यांनी पिठलं, खीर, सांजा रोज केलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. आटणारी वस्तू आचेवर असताना घट्ट होते. तुम्ही समोर उभे असता, कडेनं साय खरवडत असता, केवढं उरलंय ते दिसत असतं. आळणारी वस्तू गॅस बंद केल्यावर घट्ट होते. बेसनातले पिठूळ कण उकळत्या पाण्यात फुगतात, फुटतात, त्यांतल्या लांब साखळ्या पाण्यात मोकळ्या होतात, आणि गार होऊ लागलं की त्या साखळ्या एकमेकींना धरायला लागतात. म्हणजे शिजवताना जे केलं त्याचा परिणाम ताट वाढायच्या वेळी दिसतो. लग्न होऊन मी कोथरूडला आले तेव्हा पहिल्या महिन्यात सासूबाईंनी मला एवढंच शिकवलं. मी पिठलं ढवळत होते, पातळ दिसत होतं, म्हणून शिजवतच राहिले. त्यांनी मागून येऊन गॅस बंद केला. "पातळ दिसतंय तोवरच उतरवायचं. पुढचं ते आपलं आपण आळतं."

त्याच घराच्या मागच्या अंगणात, मोरीचं पाणी जिथं जायचं तिथं, अळूचं मोठं बेट होतं. अळू आणि आळणं या शब्दांचं एकमेकांशी नातं नाही. माझ्या आयुष्यात ते लागलं.

२०१२ साली अण्णांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरत राहतो, रक्त पुढे ढकललं न जाता कोपऱ्यात रेंगाळतं, आणि रेंगाळलेलं रक्त साकळतं. गुठळी सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात. म्हणून वॉरफरिन सुरू झालं. सगळे त्याला 'रक्त पातळ व्हायची गोळी' म्हणतात; औषधाच्या दुकानातला मुलगाही तसंच म्हणाला. अण्णांनी त्याला शांतपणे सांगितलं, "रक्त पातळ होत नाही रे बाळा. साकळायला वेळ लागतो, एवढंच." बरोबरच होतं त्यांचं. रक्तात विरघळलेल्या एका प्रथिनाचे धागे बनतात, त्या धाग्यांचं जाळं विणलं जातं, त्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी होते. हे विणकाम सुरू करणारे काही घटक यकृत जीवनसत्त्व के वापरून तयार करतं. वॉरफरिन त्या जीवनसत्त्वाची वाट अडवतं. रक्ताची दाटी तीच राहते, विणकाम तेवढं मंदावतं.

या औषधाची गोष्ट अण्णांनी कुठंतरी वाचली होती आणि आलेल्या-गेलेल्याला ते ती सांगत. १९२०च्या दशकात अमेरिकेत आणि कॅनडात बुरशी आलेलं गोड क्लोव्हर खाऊन गुरं रक्तस्रावानं मरत होती. त्या चाऱ्यातला दोषी पदार्थ विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेत शोधला गेला, त्यावरून वॉरफरिन तयार झालं. ते १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांना द्यायला परवानगी मिळाली. "मात्रेचा प्रश्न आहे सगळा," अण्णा म्हणत. काँक्रीटमधल्या पाण्यासारखाच. दर महिन्याला आयएनआरची, म्हणजे रक्त साकळायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, आकडा २ आणि ३ च्या मध्ये हवा. त्यांनी त्याची वही घातली होती, साइटच्या मोजमापवहीसारखी, तारीख, आकडा, सही. सही कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "मोजणाऱ्यानं सही करायची असते."

पालेभाज्या बंद नव्हत्या. डॉक्टरांनी इतकंच सांगितलं होतं की त्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं, तेव्हा आठवड्याला साधारण सारख्याच खा, एकदम वाढवू नका. माझी आई पालक, मेथी मोजून करायची. पण २०१८ च्या श्रावणात ते दोघं आठवडाभर माझ्याकडे राहायला आले होते, अंगणात अळू माजलं होतं आणि अण्णांना अळूचं फदफदं म्हणजे जीव की प्राण. मी ते माझ्या आजीसारखं करते. देठ सोलून, पानं चिरून, आंबट चुक्याबरोबर शिजवून घोटून घ्यायचं. चुका नि चिंच नसेल तर घशाला खाज सुटते. मग भिजवलेली चणाडाळ, शेंगदाणे, मुळ्याच्या चकत्या, खोबऱ्याचे काप, गूळ, आणि शेवटी बेसन लावून उकळी. पुण्यातल्या जुन्या पंगतीत जिलबी-मठ्ठ्याबरोबर हे असायचंच. सोमवारी केलं, त्यांनी तीनदा मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी उरलेलं आळून जास्तच चविष्ट झालं होतं. गुरुवारी पाहुणे होते म्हणून पुन्हा केलं.

शनिवारी पहाटे आईनं मला हाक मारली. अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते, उजवा हात मांडीवर दुसऱ्याचा असल्यासारखा पडला होता. तोंड उघडत होतं. आवाज फक्त "हे… हे…"

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत ते द्यायचं असतं. त्यांचं झोपेत कधी सुरू झालं कुणाला ठाऊक? ते दिलं गेलं नाही. आयएनआर १.४ निघाला. तो आकडा अण्णांच्या वहीत मी लिहिला. सही केली नाही.

त्यांना समजत होतं सगळं. पेपरचं पान पुढे केलं की मथळ्यावरून नजर फिरे, चहात साखर कमी पडली की कळे. शब्द मात्र येत नव्हते. मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात बोलण्याची जुळणी होते आणि इजा तिथंच झाली होती. हा भाग ज्यांच्या नावानं ओळखला जातो त्या पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये असा एक रुग्ण पाहिला होता. समज शाबूत, पण तोंडून एकच ध्वनी निघे: तान. त्याला ओळखायचेही त्याच नावानं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तान हा अण्णांचा शब्द होता. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला ते तरुणपणापासून जात, थंडीत शाल पांघरून भारतीय बैठकीत बसत, आणि चांगली तान आली की हात आपोआप वर जाई. तोच हात आता वर जात नव्हता.

लोक भेटायला येत आणि बाहेर पडताना हळू आवाजात म्हणत, "वाचा गेली." मला ते क्रियापद पटत नव्हतं. गेली म्हणजे संपलं. आटली म्हणावं, तर तसंही नव्हतं. डोळ्यांत शब्द दिसत होते. मी मनाशी अण्णांची कसोटी लावून पाहायची: घट्ट कशानं झालं, पातळ कशानं होईल?

वाचोपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पाढे म्हणायला सांगितले. मी "बे एके बे, बे दुणे चार" म्हटलं आणि अण्णा माझ्यामागून निघाले. बे त्रिक सहा, बे चोक आठ… थेट बे दाहे वीसपर्यंत, एकही शब्द न अडखळता. आई दारात उभी राहून रडत होती. मग मी पुढ्यातला पेला दाखवून विचारलं, "हे काय?" "हे… हे…" पुन्हा तेच. पाढा, शुभं करोति, शेकडो वेळा म्हणून गुळगुळीत झालेलं जे जे असतं ते मेंदूत दुसऱ्या वाटेनं येतं, बाई म्हणाल्या. सुरांचंही तसंच. त्यांनी 'पाणी हवंय' हे दोन शब्द दोन सुरांत बांधून दिले, डाव्या हातानं मांडीवर ठेका धरायचा आणि गुणगुणायचं. आम्ही तिघं सकाळ-संध्याकाळ 'पाणी हवंय' गात बसायचो.

राग आळवतात त्या आळवण्याचा आणि पातेल्यातल्या आळण्याचा उगम एक असायची गरज नाही. पण विलंबित ख्यालात गवई एका सुराभोवती घोटाळत राहतो, पुन्हा पुन्हा तिथंच येतो आणि हळूहळू तो सूर इतका दाट होतो की हाताला लागेल, असं अण्णाच मला सांगत. देवाला आळवतात तेही असंच, तेच नाव पुन्हा पुन्हा. त्या शरद ऋतूत आमच्या घरात जे चाललं होतं त्याला मी आळवणंच म्हणेन. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी त्यांनी सूर न लावता "पाणी" म्हटलं. मग एकेक नाव येऊ लागलं. पुष्कळदा शेजारचं यायचं. चमचा हवा असला की "वाटी", दार म्हणायचं तर "खिडकी". मला भीती वाटली. बाई म्हणाल्या, ही चांगली खूण आहे, शब्द आपापल्या कुटुंबात आहेत, फक्त चुकून शेजारच्या भावाला हाक जातेय. दर वेळी दुरुस्त करू नका, असंही त्यांनी बजावलं. क्रियापदं सगळ्यात शेवटी येतील, म्हणाल्या.

अण्णा पुढे अडीच वर्षं होते. त्या काळात अळूचा विचार मी फारसा केला नाही. करायला सवडच नव्हती. अंघोळ, व्यायाम, गोळ्या, वही. मनात कुठंतरी पातळशी रुखरुख असायची, पाण्यासारखी, हातानं बाजूला सारता येईल अशी. ते गेले, तेराव्याला गोडाचं जेवण झालं, माणसं आपापल्या घरी गेली, आणि मग ते आळायला लागलं. महिन्या-महिन्यानं घट्ट होत गेलं. दुसऱ्या श्रावणात अंगणातलं अळू मी मुळासकट उपटून टाकलं. तिसऱ्या श्रावणात त्या मोकळ्या जागेकडे बघवेना. लोक म्हणतात काळ सगळं पातळ करतो. मला तसा अनुभव नाही. आच लागलेली असते तेव्हा दुःख वाहतं असतं. निवल्यावर ते किती दाट आहे ते कळतं.

शेवटी मी त्यांच्या डॉक्टरांकडे गेले, तपासायला नव्हे, विचारायला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. दोन-चार वाट्या भाजीनं आकडा थोडा खाली येऊ शकतो, पण एवढ्यानं पक्षाघात झाला असं कुणीही म्हणू शकणार नाही, असं ते म्हणाले, आणि मग विचारलं, "गोळ्या वेळेवर घेत होते ना ते?" मी घरी येऊन अण्णांचा पत्र्याचा डबा काढला. वहीबरोबर ऑगस्ट २०१८ ची गोळ्यांची पाकिटं त्यांनी, त्यांच्या पद्धतीनं, रबरबँड लावून ठेवलेली होती. मोजल्या. पाच गोळ्या जास्त होत्या. माझ्या घरी आल्यापासून, रोजचं वेळापत्रक मोडल्यापासून, ते पाच रात्री विसरले होते. कुणाला बोलले नाहीत. कदाचित त्यांच्या लक्षातही आलं नसेल. मोजणाऱ्यानं सही करायची असते म्हणणाऱ्या माणसाच्या पाच गोळ्या हातात घेऊन मी बसून राहिले. हलकं वाटलं म्हणू? ओझं एकीकडचं दुसरीकडे गेलं, आणि ते त्यांच्या खांद्यावर ठेवायला माझा हात होईना. पण इतकं खरं की त्यानंतर आत काहीतरी सैल झालं. गुठळ्या राहिल्या आहेत, त्या लागतात अधूनमधून.

आता अण्णा आठवतात तेव्हा ती शनिवारची पहाट आठवत नाही. जानेवारी २०१९ मधला एक रविवार आठवतो. थंडी कडक होती, खोबरेल तेल खिडकीत उन्हाला ठेवलं होतं. मी पिठलं-भाकरी केली होती. अण्णा डाव्या हातानं जेवत, त्यामुळे त्यांना वेळ लागे, आणि आम्ही त्यांच्या आधी उठायचो नाही. अर्ध्या भाकरीशी आले तोवर ताटातलं पिठलं आळून आलं होतं. त्यांनी बोटानं त्याची कड दाबून पाहिली, अगदी साइटवर ताज्या काँक्रीटला लावायचे तसं. मग माझ्याकडे बघितलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"थि…" म्हणाले. "थिजलं."

आई खुर्चीत पुढे सरकली. "काय म्हणालात?"

"थिजलं," त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी न अडखळता, ताटाकडे बोट दाखवून.

चार महिन्यांतलं त्यांचं हे पहिलं क्रियापद होतं. कुणी विचारलं नव्हतं, सूर लावून दिला नव्हता. आणि मला पन्नास वर्षांपूर्वी शिकवलेला बरोबर शब्द माझ्या जिभेवर अगदी तयार होता.

"हो अण्णा, थिजलंय," मी म्हणाले, आणि आधणाचं पाणी ठेवायला उठले.